शुश्रूषेची गुरुपरंपरा

‘शुश्रूषा’ हा शब्द आज आपण केवळ रुग्णसेवेच्या अर्थाने वापरतो. पण त्याची व्युत्पत्ती पाहू गेल्यास निराळीच गोष्ट हाती लागते. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. या धातूच्या इच्छार्थक रूपापासून हा शब्द सिद्ध झाला असल्याने त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. शिष्याने गुरूचे वचन ऐकावे, ऐकता यावे म्हणून त्याच्या सन्निध राहावे आणि सन्निध राहायचे तर त्याची सेवाही करावी, अशा पायऱ्या चढत हा शब्द आश्रमातून रुग्णाच्या अंथरुणापाशी येऊन पोहोचला. म्हणजे विद्यार्जन आणि रुग्णसेवा यांचे नाते आपल्या भाषेनेच जोडून ठेवलेले आहे. ते आपण विसरलो, आणि त्या विस्मरणाची किंमत आपल्या समाजातील स्त्रियांनी दीर्घकाळ मोजली. त्या इतिहासाची उजळणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गुरुचरित्राचे पारायण करणाऱ्या वाचकांना दुसऱ्या अध्यायातील संदीपकाची कथा ठाऊक असेलच. वेदधर्म नावाच्या गुरूंनी आपले प्रारब्ध भोगून संपविण्यासाठी काशीत एकवीस वर्षे कुष्ठ आणि अंधत्व सोसले. संदीपक हा त्यांचा एकच शिष्य मागे राहिला. त्याने गुरूंच्या जखमा धुतल्या, भिक्षा मागून आणून त्यांना जेवू घातले आणि व्याधीने चिडलेल्या गुरूंचे कठोर शब्दही गिळले. ज्या ग्रंथात ही कथा आहे, त्याचे हृदय म्हणजे गाणगापूर, आणि भीमा-अमरजेच्या संगमावरचे हे क्षेत्र आमच्या कलबुर्गी जिल्ह्यातच आहे. ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर यांची मातृभाषा कानडी होती, असे अभ्यासक मानतात. कानडी माणसाने मराठीत लिहिलेला हा ग्रंथ सीमेच्या दोन्ही बाजूंना सारख्याच भक्तीने वाचला जातो. परंतु पारायणात ज्या शिष्याचे गुणगान करताना आपला कंठ दाटून येतो, त्याने प्रत्यक्षात काय केले? पू पुसला, मळ काढला, अंग धुतले. आजच्या भाषेत बोलायचे तर त्याने परिचारिकेचे काम केले.

आयुर्वेदानेही या कामाला खालचे स्थान दिलेले नाही. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावेत, अशी अपेक्षा आहे. त्यांत ज्ञानाचा उल्लेख आधी येतो, हे विशेष. नुसता अनुराग पुरत नाही, काम शिकावे लागते. आणि शिकायचे म्हटले की शिकविणारा आलाच.

मार्च २०२० मध्ये या गोष्टीचा प्रत्यय आमच्या शहराला फार जवळून आला. कोविडच्या साथीतील देशातला पहिला नोंदलेला मृत्यू कलबुर्गीच्या एका वृद्ध गृहस्थांचा होता. त्या महिन्यात या शहराच्या रस्त्यांवर जी शांतता पसरली, ती मी विसरू शकत नाही. पुढच्या काळात जिवाभावाच्या माणसांना आपल्या माणसापाशी जाता येईना. अशा वेळी रुग्णाच्या अंगाला हात लावणारी जी व्यक्ती होती, ती बहुतेक ठिकाणी परिचारिका होती. योगायोग असा की फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला दोनशे वर्षे होत असल्याने जागतिक आरोग्य संघटनेने तेच वर्ष परिचारिका व सुईणी यांचे वर्ष म्हणून आधीच जाहीर केले होते. लोकांनी टाळ्या वाजविल्या, दिवे लावले. पण अंगावर संरक्षक पोशाख चढविताना कोणती गाठ आधी बांधावी आणि उतरविताना कोणता हात कशाला लावू नये, हे त्या मुलींना कोणी शिकविले, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्याचे मला आठवत नाही. डॉक्टरांच्या गुरूंची नावे निघतात. परिचारिकेलाही गुरू असतो, ही कल्पनाच आपल्याकडे रुजलेली नाही.

असे का झाले, याचे उत्तर आपल्या घरांतच शोधावे लागेल. मराठीत आणि कोंकणीतही दुखणाइताच्या सेवेला ‘चाकरी’ असा एक जुना शब्द आहे. सुनेने सासूची चाकरी केली, मुलीने आजारी बापाची चाकरी केली, की तिच्या पदरी पुण्य पडले असे आपण म्हणत आलो. पण तीच चाकरी रीतसर शिकून, वेतन घेऊन, परक्या रुग्णासाठी करायची म्हटली की ती अप्रतिष्ठेची ठरे. विटाळ, परजातीचा स्पर्श, परपुरुषाचे सान्निध्य, रात्रपाळी अशा आक्षेपांची यादी लांबच लांब होती.

माझ्या आजीची थोरली बहीण अठराव्या वर्षी विधवा झाली. गुलबर्गा त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. पुण्याच्या सेवासदनाविषयी तिने कोठेतरी ऐकले आणि तेथे जाऊन परिचारिकेचे शिक्षण घेण्याची इच्छा घरात बोलून दाखविली. “परक्याची घाण काढायला आमच्या घरची पोर जायची नाही,” असे तिला सांगण्यात आले. त्यानंतर चाळीसएक वर्षे ती त्याच घरात राहिली. त्या काळात घरात जेवढी बाळंतपणे झाली, जेवढे विषमज्वर आले, जेवढी म्हातारी माणसे अंथरुणाला खिळली, त्या सर्वांची घाण तिनेच काढली. तिला ना वेतन मिळाले, ना शिक्षण, ना नाव. आम्ही तिला मावशीआजी म्हणत असू. कायद्याचे शिक्षण झाल्यानंतर मला कळले की तिच्यावर झालेल्या अन्यायाला कोणत्याही संहितेत कलम नाही.

मावशीआजीने ज्या दाराचे नाव ऐकले होते, ते उघडले कसे, हे पाहण्यासारखे आहे.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले. रुग्णसेवा ही शिकण्याची विद्या आहे आणि ती परिचारिकेनेच परिचारिकेला शिकवावी, हे त्यामागचे सूत्र होते. पुढच्या काही दशकांत ही पद्धत आपल्याकडे आली. मुंबईत १८८६ मध्ये कामा रुग्णालय उघडले. १८९१ मध्ये शिक्षणासाठी दाखल झालेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत पहिली भारतीय परिचारिका म्हणून येते. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय उभे केले, आणि १८९७ मध्ये तेथे परिचारिकांचे विद्यालय निघाले. मात्र या विद्यालयांकडे उच्चवर्णीय हिंदू घरांतील मुली सहसा फिरकत नसत. ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, पारशी आणि बेने इस्रायल स्त्रियांनी ही विद्या आधी उचलली. आपल्या रुग्णांची सेवा त्यांनी केली आणि आपण त्यांच्या हातचे पाणी घ्यावे की नाही याचा काथ्याकूट करीत बसलो. हे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

त्या काळच्या मनाची कल्पना यावी म्हणून एक प्रसंग सांगतो. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींना चहा देण्यात आला. न्यायमूर्ती रानडे, टिळक आणि गोखले त्यांत होते. या एका पेल्यावरून ग्रामण्य उठले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि १८९२ मध्ये रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. मिशनमध्ये चहा घेतला म्हणून उच्च न्यायालयाच्या भावी न्यायाधीशाला जेथे प्रायश्चित्त घ्यावे लागले, तेथे त्याच समाजातील विधवांनी सरकारी रुग्णालयात सर्व जातींच्या रुग्णांची सेवा करावी, असे पुढे ज्या स्त्रीने सुचविले, ती त्याच न्यायमूर्तींची पत्नी होती.

रमाबाई रानडे यांचा जन्म १८६२ मध्ये देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी झाला. अकराव्या वर्षी विवाह झाला तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. पतीने शिकविले आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी त्याबद्दल छळले. शिकणे म्हणजे काय सोसणे, हे त्या स्वानुभवाने जाणत होत्या. १९०१ मध्ये वैधव्य आले. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदनाची कल्पना मांडली. स्त्रियांना आश्रय द्यावा आणि भारतीय स्त्रियांतून परिचारिका तयार कराव्यात, हा तिचा गाभा होता. मार्गदर्शनासाठी ते रमाबाईंकडेच आले. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्याचे सेवासदन सुरू झाले. ससून रुग्णालयात शिकणाऱ्या मुलींसाठी सेवासदनाने राहण्याची व्यवस्था केली आणि परिचर्येचे शिक्षण हिंदू घरांच्या आवाक्यात आणून ठेवले.

रमाबाई स्वतः परिचारिका नव्हत्या. तरीही या परंपरेत त्यांची गणना गुरूंमध्ये केली पाहिजे, असे मला वाटते. तापमानाचा तक्ता कसा भरावा आणि पट्टी कशी बांधावी, हे रुग्णालयात शिकविले जाई. पण सकाळी रुग्णालयात गेलेली मुलगी संध्याकाळी कोणत्या घरी परतणार, हा खरा प्रश्न होता. परतायला प्रतिष्ठेचे घर असेल तरच तिचे शिक्षण टिकणार होते. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नीने त्या मुलींच्या डोक्यावर आपल्या नावाचे छत्र धरले, तेव्हा निंदकांना शब्द जपून वापरावे लागले. विद्या देणे हे अर्धे गुरुत्व होय. ती विद्या घेऊन समाजात मान वर करून उभे राहण्याची जागा मिळवून देणे हे उरलेले अर्धे. रमाबाई १९२४ मध्ये निवर्तल्या, पण पुढे परिचर्येच्या प्रत्येक थोर अध्यापिकेला हे दुसरे काम करावेच लागले. मुलींच्या वडिलांना समजावणे, वसतिगृहात आईची जागा घेणे, लग्न ठरताना नोकरी सोडण्याची अट घालणाऱ्या सासरकडे रदबदली करणे, ही कामे कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेली नसतात.

आता थोडे कायद्याविषयी. व्यवसायाने वकील असल्याने हा मोह मला आवरत नाही. कोणत्याही विद्येला समाजात मान मिळाला की नाही, हे तिच्या नोंदणीच्या कायद्यावरून ओळखता येते. मद्रास प्रांतात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९२६ मध्ये झाला, मुंबई प्रांतात १९३५ मध्ये. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील आरोग्य समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला. त्यातील आकडे वाचून आजही मन सुन्न होते. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. तोपर्यंत शिकणारी मुलगी म्हणजे रुग्णालयाला स्वस्तात मिळालेली कामकरीण, असाच व्यवहार बहुतेक ठिकाणी होता. ती दिवसभर राबे आणि उरलेल्या वेळात व्याख्यान ऐके. विद्यापीठाने तिला विद्यार्थिनी मानले, आणि तिला शिकविणारी स्त्री ‘सिस्टर’ची ‘प्राध्यापिका’ झाली. मराठी मुलखात महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाने १९६४ मध्ये मुंबईत लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय स्थापिले, हा या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा होय.

आमच्या सीमाभागाच्या दृष्टीने १९४७ चा भारतीय परिचर्या परिषद कायदा विशेष मोलाचा ठरला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. जुन्या बिदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, औराद आणि हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. एका रात्रीत माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात, अशी अनेकींची गत झाली. पण परिषदेच्या कायद्याने मान्य केलेली पात्रता कोणत्याही राज्याच्या नोंदणीपुस्तकात प्रवेश मिळण्यास पुरेशी मानली गेली. सीमारेषेने घरे दुभागली, पण परिचारिकेचे प्रमाणपत्र दुभागले नाही. म्हैसूरचा स्वतःचा नोंदणी कायदा १९६१ मध्ये झाला. १९९६ मध्ये बंगळूरला राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झाले, आणि राज्यातील परिचर्या महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली. २०१२ मध्ये संसदेने संमत केलेल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१-ञ आला आणि या मागास प्रदेशातील विद्यार्थ्यांसाठी शिक्षणात व नोकऱ्यांत राखीव जागांची तरतूद झाली. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदाही संमत केला आहे. जी विद्या मावशीआजीला नाकारली गेली, तिच्यासाठी आज या जिल्ह्यांतील मुलीला राज्यघटनेचा आधार आहे.

तरीही कायदा फक्त दार उघडतो. आत गेल्यावर हात धरणारे कोणी लागते. काही वर्षांपूर्वी माझे वडील रुग्णालयात असताना एका प्राध्यापिकेला शिकविताना मी जवळून पाहिले. वय निवृत्तीला टेकलेले, पायांत साध्या वहाणा, मागे सात-आठ विद्यार्थिनी. शेजारच्या खाटेवर भालकीकडची एक म्हातारी होती. एका मुलीने तक्ता वाचून नाडी, श्वसन, तापमान असे सर्व बिनचूक सांगितले. बाईंनी शांतपणे विचारले, “हे कागदाने सांगितलं. आजी काय म्हणाल्या?” मुलगी गप्प. म्हातारी मराठीत बोलत होती आणि मुलीला कानडीच येत होते. बाई खाटेच्या काठाशी बसल्या, म्हातारीचा हात हाती घेतला आणि मुलींना म्हणाल्या, “कोणी म्हणेल पोट दुखतंय, कोणी म्हणेल होट्टे नोवु, कोणी म्हणेल पेट में दर्द. तिन्ही आली पाहिजेत. आणि जी बोलतच नाही, तिचंही ऐकू आलं पाहिजे.” थोड्या विचारपूस करण्यातून निघाले ते असे की म्हातारीने दोन दिवस पाणी जवळजवळ टाकलेच होते. रात्री लघवीसाठी कोणाला हाक मारायची, याचा तिला संकोच वाटत होता. हे कोणत्याही तक्त्यात आले नव्हते.

त्या क्षणी मला शुश्रूषेचा मूळ अर्थ उमगला. ऐकण्याची इच्छा! विद्यार्थिनीने गुरूचे ऐकायचे ते रुग्णाचे ऐकता यावे म्हणून. मराठी, कानडी, दखनी आणि तेलुगू या चार भाषा जेथे एकाच दालनात कण्हतात, तेथे पाठ्यपुस्तक मात्र इंग्रजी असते. अशा ठिकाणी अध्यापिकेचे काम किती अवघड आहे, याची कल्पना बाहेरच्याला येणार नाही. भूमिती शिकणाऱ्याचे चुकले तर पाटी पुसता येते. येथे शिकाऊ हाताची चूक जिवंत देहावर होते. म्हणून अध्यापिकेला एक डोळा विद्यार्थिनीवर आणि एक रुग्णावर ठेवावा लागतो. मुलीला चुकण्याची भीती वाटू द्यायची नाही आणि रुग्णाला तिच्या चुकीची झळ लागू द्यायची नाही, असे हे दुहेरी व्रत आहे. तीस-पस्तीस वर्षे ते पाळून अशी बाई निवृत्त होते, तेव्हा तिच्या हाताखालून गेलेल्या मुली तालुक्याच्या दवाखान्यांपासून आखाती देशांपर्यंत पसरलेल्या असतात. तिचे नाव मात्र कोणत्याही फलकावर नसते.

त्या संध्याकाळी मी बाईंचे आभार मानू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “माझे कशाला मानता? त्या मुलीचे माना. ती आज रात्री आजींपाशी थांबणार आहे.” ती मुलगी खरेच थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीच्या उशाशी पाण्याचे भांडे होते आणि त्या कानडी मुलीला मराठीतले दहा-बारा शब्द आले होते.

आपली मंडळे आणि देवस्थाने दरवर्षी गुणवंतांचे सत्कार करतात. वैद्य, अभियंते, सनदी अधिकारी यांच्या गळ्यात हार पडतात, ते योग्यच आहे. त्या रांगेत परिचर्या शिकणारी एक मुलगी आणि तिला शिकविणारी एक अध्यापिका यांनाही स्थान मिळावे, आणि समाजाच्या शिष्यवृत्तीत या विद्येचे नाव स्पष्टपणे लिहिले जावे, अशी नम्र सूचना येथे करतो. संदीपकाची कथा सांगताना आपला कंठ दाटून येतो. तसे करणारी मुलगी आपल्याच घरातून निघू पाहील, तेव्हा दार अडवून कोणी उभे राहू नये. आमच्या मावशीआजीला ज्यांनी अडविले, ती माणसे दुष्ट नव्हती. तीही गुरुचरित्राचे सप्ताह करीत, आणि त्यांच्या अखेरच्या आजारात त्यांच्या उशाशी तीच बसली होती.